वळचणीखालची बाई

किलपेकचं चर्च लहान आहे, पण बाहेरून त्याला एक फेरी मारायला तास पुरत नाही. इंग्लंडच्या हेरफर्डशर परगण्यात, वेल्सच्या सीमेजवळ, ११४० च्या सुमारास तांबड्या वालुकाश्मात ते बांधलं गेलं. दक्षिणेच्या दारापाशी सगळे थबकतात, कारण तिथली वेलपत्ती आणि अजगर बघण्यासारखेच आहेत. पण खरी गर्दी वर आहे. छप्पर भिंतीच्या पुढे येतं तिथे, वळचणीखाली, दगडी तोड्यांची रांग चर्चभोवती फिरते. मुळात ९१ तोडे होते, त्यातले ८५ उरलेत. एकावर कुत्रा आणि ससा गालाला गाल लावून बसलेत. एकावर कुणी सारंगीसारखं वाद्य वाजवतोय. एकावर दोघांची झोंबी चाललीय. एकावर क्रूस घेतलेलं कोकरू आहे, म्हणजे खुद्द ख्रिस्ताचं चिन्ह. आणि याच रांगेत, पूर्वेकडच्या अर्धगोल भागावर, ती आहे.

तिचं डोकं म्हणजे जवळजवळ अर्धी आकृती. केस नाहीत. डोळे वाटोळे आणि सताड उघडे. खांद्यांना पाथरवटानं जागाच ठेवलेली नाही. हात मानेखालून निघतात, मांड्यांमागून फिरून पुढे येतात आणि दोन्ही हातांनी ती आपली योनी उघडून धरते. ती उघडीप तिच्या धडाएवढी मोठी आहे. चेहऱ्यावर लाज नाही, आमंत्रण नाही, वेदनाही नाही. समोर बघते, एवढंच.

अशा आकृतीला आज ‘शीला-ना-गिग’ म्हणतात. आयर्लंडमध्ये शंभरच्या आसपास आणि ब्रिटनमध्ये चाळीस-पन्नास आकृत्या या नावाखाली मोजल्या जातात. त्यांच्याबद्दल पहिला प्रश्न नेहमी एकच येतो: देवाच्या घरावर हे कशासाठी? प्रश्न रास्त आहे. पण त्याला थेट भिडलं की माणूस घसरतो. कुणाला तिच्यात पापाचा इशारा दिसतो, कुणाला आदिमाता, कुणाला दृष्ट काढणारी, आणि प्रत्येकाला सोयीची एक शीला सापडतेच. म्हणून माझा आग्रह असा की आधी दगड वाचावा. तो भिंतीत कुठे आहे, पहिल्यापासून तिथेच होता की नंतर बसवला, शेजारी कोण आहे, कुणाच्या नजरेच्या टप्प्यात आहे, झीज कुठे आणि कशी झालीय. एवढं पाहिल्यावर अर्थाचे निम्मे वाद आपोआप गळून पडतात.

तोडा हा मुळात ओझं वाहणारा दगड. भिंतीत रुतलेलं त्याचं शेपूट आणि बाहेर डोकावणारं तोंड, असे दोन भाग. तोंडावर वळचणीची लांब पट्टी टेकते, पट्टीवर छपराची कड. बाहेर जेवढा दिसतो, किमान तेवढा दगड भिंतीत हवा. दुप्पट असला तर उत्तम. शेपटावर भिंतीचं वजन बसतं म्हणून तोंड खाली झुकत नाही. २५ सेंटिमीटर चौरस आणि ६० सेंटिमीटर लांब असा वालुकाश्माचा तोडा धरला, तर त्याचं वजन ८५ ते ९० किलो भरतं. एवढा दगड भिंतीत बसवून, मग टांगत्या परांचीवर उभं राहून मान वर करून कोरणं फार अडचणीचं. म्हणून तोंड आधी जमिनीवरच, बाकावर कोरायचं आणि मग वर चढवायचं. खाणीतून ताज्या निघालेल्या वालुकाश्मात ओल असते, तो टाकीला लवकर वश होतो. ओल सुकली की वरचा पापुद्रा घट्ट होतो. पाथरवट याच सवडीत काम उरकतो.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे दगडाचे थर. वालुकाश्म थराथरानं साचलेला असतो. साध्या भिंतीत तो जसा खाणीत होता तसाच, थर आडवे ठेवून बसवतात. पण पुढे डोकावणाऱ्या तोड्याला हा नियम लागू नाही. थर आडवे राहिले तर अधांतरी भागाचे खालचे थर सुटून पडतात; हनुवटी आणि पाय आधी जातात. थर दर्शनी बाजूला समांतर उभे राहिले तर त्याहून वाईट: पाणी थरांमागे शिरतं, गोठतं आणि अख्खा चेहरा पापुद्र्यासारखा उतरतो. बरोबर पद्धत अशी की थर उभे ठेवायचे, पण पुस्तकाची पानं आपल्याकडे कड करून असतात तसे, भिंतीच्या आत जाणारे. शेजारच्या दोन तोड्यांपैकी एकावर डोळ्याची बाहुली शाबूत असते आणि दुसरा नुसता गोळा होऊन बसलेला असतो, तेव्हा पुष्कळदा कारण हेच निघतं. कोणत्या मूर्तीवर कुणाचा राग होता, असल्या कथा रचण्याआधी थर कुठल्या दिशेला आहेत ते बघावं.

किलपेकच्या बाईला निराळा कोनाडा नाही, चौकट नाही, तिच्यावर किंवा खाली एक अक्षर नाही. कोकराला जेवढा दगड मिळाला तेवढाच तिला. ससा, वादक, कोकरू, राक्षसाचं डोकं आणि ती, सगळी एका माळेतली मण्यांसारखी. म्हणजे निदान इथे तरी ती देवी म्हणून बसवलेली नाही. पूजेचं स्थान असं रांगेत, पागोळीखाली, डोकं वर करून शोधावं लागेल असं नसतं. सगळ्या सृष्टीचा, तिच्यातल्या पवित्र-अपवित्र, हसऱ्या-भयाण सगळ्याचा पसारा बाहेरच्या भिंतीवर, आणि आत वेदी, अशी ती मांडणी आहे. त्या पसाऱ्यातलं शरीराचं उघडंपण तिच्या वाट्याला आलंय.

आणि शतकानुशतकं ती तिथे असूनही तिला न पाहण्याची किमया लोकांनी साधली. १८४२ मध्ये जी. आर. लुईस या चित्रकारानं किलपेकच्या शिल्पांची रेखाटनं छापली. त्याच्या लेखी ही आकृती एका विदूषकाची होती आणि तो फाडून दाखवत होता ती आपली छाती, हृदय सगळ्यांना सदा खुलं आहे हे सांगायला. हा माणूस त्या दगडासमोर बसून रेघ न रेघ उतरवत होता. तरीही डोळ्यांना जे दिसलं ते हातानं कागदावर येऊ दिलं नाही. जुनी रेखाटनं वापरताना हे कायम मनात ठेवावं लागतं. एकोणिसाव्या शतकातल्या चित्रात योनी नसेल, तर ती दगडात नव्हतीच असं त्यावरून ठरत नाही.

नावाचाही असाच घोळ आहे. ‘शीला-ना-गिग’ हे नाव शिल्पाला लागलेलं लेखी सापडतं ते १८४० च्या आसपास, आयर्लंडच्या टिपररी परगण्यात. सरकारी मोजणीचं काम चालू होतं, जॉन ओ’डॉनोव्हन गावोगावची नावं आणि अवशेष टिपत होते, आणि किल्टिनानच्या पडक्या चर्चवरच्या आकृतीला स्थानिक लोक काय म्हणतात ते त्यांनी लिहून घेतलं. त्याच सुमारास रोचेस्टाउनच्या आकृतीचंही हेच नाव नोंदलं गेलं. याआधी, अठराव्या शतकात, हे नाव एका नाचाच्या धुनेचं होतं आणि ब्रिटिश आरमारातल्या एका जहाजाचंही. म्हणजे दगड बाराव्या शतकाचा आणि त्याचं नाव पार अलीकडचं. नावाची फोड करून त्यातून एखादी प्राचीन देवी काढणं म्हणजे घराच्या रंगावरून पायाचं वय सांगणं. मार्गारेट मरे यांनी १९३४ मध्ये या आकृत्यांना सुफलतेच्या देवता ठरवलं आणि पुढे ती कल्पना फार पसरली. आकर्षक आहे, यात शंका नाही. पण हाताशी असलेल्या बहुतेक आकृत्या ख्रिस्ती वास्तूंवर, ख्रिस्ती काळात, ख्रिस्ती पाथरवटांनी घडवलेल्या आहेत, आणि वाचायला सुरुवात तिथूनच करावी लागते.

समुद्र ओलांडून फ्रान्स-स्पेनकडे गेलं की आणखी एक मोठं कुटुंब भेटतं. स्पेनच्या कांताब्रियातलं सेर्वातोसचं सान पेद्रो चर्च बाराव्या शतकातलं. त्याच्या तोड्यांवर पाय डोक्यामागे नेऊन सगळं उघडं टाकणारी बाई आहे, लिंग दाखवणारे पुरुष आहेत, मैथुनात गुंतलेली जोडपी आहेत, आणि मध्येमध्ये वादक, पिंप उचलणारे, पशू. अँथनी वीर आणि जेम्स जेर्मन यांनी १९८० च्या दशकात असं दाखवलं की ब्रिटनमधल्या शीला या पश्चिम फ्रान्स आणि उत्तर स्पेनमधल्या अशा तोड्यांच्या वंशातल्या आहेत. यात्रेकरूंच्या आणि कारागिरांच्या वाटांनी त्या उत्तरेकडे सरकल्या, आणि त्यांचा हेतू वासनेपासून सावध करण्याचा होता. डेन्मार्कच्या योर्गेन अँडरसन यांनी त्यांच्या आधी याच दिशेनं मांडणी केली होती. बाराव्या शतकातल्या रोमनेस्क, म्हणजे गोल कमानींच्या शैलीतल्या, चर्चपुरतं हे मला पटतं. तोड्याचा आकार, बसण्याची ढब, पाय धरण्याची रीत इतकी जुळते की योगायोग म्हणवत नाही.

मात्र इथे एक फरक डोळ्यांत तेल घालून बघायला हवा. वासनेचं पाप दाखवायचं असेल तेव्हा मध्ययुगातला शिल्पकार अजिबात आडपडदा ठेवत नाही. फ्रान्समधल्या म्वासाकच्या मठाच्या दक्षिण द्वारमंडपात, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात घडवलेली ‘वासना’ उभी आहे. अंगावर मांस उरलेलं नाही, दोन साप तिच्या स्तनांना डसलेत, बेडूक योनीला चिकटलाय, शेजारी सैतान तिला धरून आहे. वरच्या पट्टीत श्रीमंत माणसाच्या मेजवानीची आणि दारात पडलेल्या भिकारी लाझरसची गोष्ट कोरलीय. चुकीचा अर्थ काढायला जागाच नाही. पिरेनीज पर्वतातल्या ओ गावच्या चर्चमधून तुलूजच्या ओग्युस्तँ संग्रहालयात आलेल्या शिल्पात तर बाईच्या योनीतूनच साप निघून तिच्या स्तनापर्यंत चढतो. पापाला शिक्षा जोडलेली असली की साप, बेडूक, सैतान यांपैकी कुणी ना कुणी हजर असतं. किलपेकच्या बाईजवळ यातलं कुणीच नाही. तिला कुणी डसत नाही, कुणी ओढून नेत नाही. स्वतःच्याच हातांनी ती उघडते आणि बघते. म्हणून म्वासाकची बाई आणि किलपेकची बाई एकच बोलतायत असं म्हणताना माझी जीभ अडखळते. कूळ एक असेल. पण माहेरचं बोलणं सासरी तसंच्या तसं राहत नाही.

त्या काळातल्या धर्मपुरुषांनाही हा पसारा सरसकट मान्य नव्हता. क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी ११२५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात मठांच्या ओवऱ्यांमधल्या माकडं, सिंह, अर्धमानव असल्या कोरीवकामावर झोड उठवली. भिक्षू ग्रंथ सोडून दगडच वाचत बसतात आणि त्यावर पैसा उधळतात, हे त्यांचं दुखणं होतं. उघड्या बायांचा त्यांनी उल्लेख केलेला नाही. पण ‘दगड वाचणं’ ही क्रिया तेव्हाच्या लोकांना ओळखीची होती, एवढं त्यातून नक्की कळतं.

सावधगिरीच्या इशाऱ्याचा सिद्धांत खरा अडतो तो बायकांच्या मठात. पुरुष भिक्षूंना बाईपासून लांब ठेवण्यासाठी हे शिल्प, असं म्हणावं तर आयर्लंडमधल्या क्लॉनमॅकनॉइजच्या नन्सच्या चर्चचं काय करायचं? ते ११६७ मध्ये डेर्वोर्गिला या राजकन्येनं पूर्ण करवलं. आतल्या भागात वेदीकडे जाणाऱ्या कमानीवर, नागमोडी नक्षीच्या दातऱ्यांमध्ये, पाय फाकवून बसलेली एक छोटीशी आकृती आहे. तळहाताखाली झाकली जाईल एवढी. ती बाहेर वळचणीला नाही, तर आत आहे. प्रार्थनेला उभ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या समोर. स्कॉटलंडच्या आयोना बेटावरच्या नन्सच्या मठाच्या भिंतीवरही अशी आकृती आहे, आता अगदी झिजलेली. या स्त्रिया तिच्याकडे पाहून स्वतःच्या देहाला घाबरत होत्या, की तिला आपल्यातली मानत होत्या? मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं. पण इथेही दगड आधी. क्लॉनमॅकनॉइजची ही कमान पडली होती आणि १८६५ मध्ये किलकेनीच्या पुरातत्त्व मंडळानं ती पुन्हा उभी केली. कमानीच्या दगडांचा आजचा क्रम बाराव्या शतकातलाच आहे असं गृहीत धरून त्यावर अर्थाचे इमले बांधू नयेत. आकृती त्या चर्चची आहे एवढं पक्कं. तिच्या शेजारी कोण होतं यावर भार टाकायला नको.

आयर्लंडमध्ये पुढची कथाच बदलते. पंधराव्या-सोळाव्या शतकात तिथल्या सरदारांनी उंच, चौकोनी, दगडी टॉवर हाऊस बांधली, आणि शीला त्यांच्याही भिंतींवर चढली. आता ती तोडा राहिली नाही. सपाट चिऱ्यावर उठावात कोरलेली, एकटी, दाराच्या वर किंवा कोपऱ्याच्या दगडावर. रांग गेली, ससा-कुत्रा गेले, कोकरू गेलं. फेदर्ड या टिपररीतल्या गावी तर ती नगराच्या तटबंदीवर आहे. क्लेअर परगण्यातल्या किलनाबॉयला ती चर्चच्या दाराच्या वर आहे. आत शिरणाऱ्याला तिच्या खालूनच जावं लागतं. किल्ल्याच्या भिंतीवर पापाचा उपदेश कशाला? इथे ती राखणीला आहे, असंच म्हणावं लागतं. उघड्या योनीनं संकट परतवण्याची कल्पना युरोपात जुनी आहे. ग्रीक लेखक प्लूटार्कनं सांगितलेल्या कथेत लिसियाच्या बायका वस्त्रं वर करून बेलेरोफोन या वीरावर चालून जातात आणि त्याला मागे फिरावं लागतं. आयर्लंडच्या आख्यानात रक्तानं माथा भडकलेला कू हुलिन हा योद्धा घराकडे दौडत येतो तेव्हा राजवाड्यातल्या बायका छाती उघडी करून सामोऱ्या जातात, तो नजर खाली घालतो, आणि तेवढ्यात त्याला धरतात.

काही टॉवर हाऊसांच्या कोपऱ्यात ही आकृती आडवी पडलेली असते, डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या. यावर पुष्कळ गूढ लिहिलं गेलंय. पण कोपऱ्याचा चिरा लांबट असतो. लांब बाजू एका भिंतीत, आखूड दुसरीत. उभी आकृती कोरलेला जुना लांब दगड दुसऱ्या इमारतीतून आणून कोपऱ्यात वापरायचा झाला, तर तो आडवाच बसतो. दगडाच्या कडेवरची घडाई बाकी कोपऱ्याशी जुळते का, दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सारख्या जाडीच्या आहेत का, टाकीच्या खुणा त्याच दिशेच्या आहेत का, हे पाहिलं की बहुतेक वेळा उलगडा होतो. तिन्ही जुळलं तर मात्र ती मुद्दाम आडवी कोरलीय, आणि मग विचार करण्यासारखं काही तरी हाती लागतं.

बार्बरा फ्राइटाग यांनी या शतकात तिसरी वाट दाखवली: बाळंतपणाची. आकृत्या मुख्यतः साध्या, खेड्यातल्या चर्चवर आहेत. वरचं अंग मरणाचं, फासळ्या मोजाव्यात असं, टक्कल पडलेलं, आणि खालचं अंग जन्माचं, फुललेलं. ज्या काळात बाळंतीण आणि बाळ दोघांचा जीव एका केसावर लोंबकळत असे, त्या काळात हे दोन्ही एकाच देहात दाखवणारी बाई कुणाच्या उपयोगाची होती, हे वेगळं सांगायला नको. मला या मांडणीतली सगळ्यात बळकट गोष्ट वाटते ती दगडावरची झीज. कॉर्क परगण्यातल्या बॅलीव्होर्नीला संत गोबनतचं ठाणं आहे. ११ फेब्रुवारीला तिची जत्रा. लोक सूर्याच्या दिशेनं, म्हणजे आपण घालतो तशीच उजवीकडून, प्रदक्षिणा घालतात, ठरलेल्या दगडांवर खड्यानं क्रूस घासतात, आणि पडक्या चर्चच्या खिडकीवरच्या छोट्या आकृतीला हात लावतात. ऑफलीच्या सेर कीरनहून डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आलेल्या शीलाच्या डोक्यावर आणि ओटीपोटाखाली गोल छिद्रं पाडलेली आहेत. हवापाण्यानं असं गोल, खोल छिद्र पडत नाही. ते कुणीतरी हत्यारानं, काही कामासाठी पाडलेलं आहे.

झीज कशी ओळखायची, हे इथे सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण सगळा निवाडा त्यावर असतो. पावसा-वाऱ्यानं दगड सगळीकडून सारखा बोथट होतो. नाक, गुडघे, हनुवटी असे पुढे आलेले भाग आधी जातात, खोलगट भागात मूळची टाकी शाबूत राहते. हातानं झिजलेला दगड याच्या उलट. उंचवटाच काय, खोलगट भागही गुळगुळीत होतो, त्याला मंद चकाकी येते, आणि बोटं पोचत नाहीत तिथे नक्षी धारदार राहते. पोट आणि योनी तुळतुळीत, पण कानामागची रेघ स्पष्ट, असं दिसलं की समजावं पिढ्यान्‌पिढ्या हात फिरलेत. भुकटी काढण्यासाठी खरवडलेला दगड आणखी वेगळा: होडीच्या आकाराचे, दोन्ही टोकांना निमुळते, एका दिशेचे चर. आणि मुद्दाम फोडलेलं असेल तर व्रण सपाट, खडबडीत, त्यावर टोच्याचे ठिपके. आजूबाजूला काहीच झिजलेलं नाही, फक्त तेवढा एक भाग उडवलेला. चारही खुणा एकाच दगडावर मिळू शकतात: आधी पूजली, मग फोडली, मग उघड्यावर राहिली.

फोडणारे आणि लपवणारे होतेच. १६३१ मध्ये ट्यूमच्या धर्मप्रांताच्या नियमांत पाद्र्यांना बजावलं गेलं की बघायला नकोशा वाटणाऱ्या जाड्या मूर्ती काढून लपवा आणि कुठे लपवल्या ते टिपून ठेवा. फ्राइटाग त्या मूर्ती म्हणजे शीलाच असं मानतात. या आज्ञेतला दुसरा भाग मला फार बोलका वाटतो. नष्ट करा असं म्हटलेलं नाही. नोंद ठेवून लपवा म्हटलंय. वेल्समध्ये लँड्रिंडॉडच्या जुन्या चर्चची डागडुजी चालली असता १८९४ मध्ये जमिनीखाली एक शीला पालथी पुरलेली सापडली. मातीत तोंड खाली करून राहिल्यामुळे पाऊस, गोठण, हात यांपैकी काहीच तिला लागलं नव्हतं, त्यामुळे तिची कोरीव रेघ आजही ठसठशीत आहे. झाकणाऱ्यांनीच तिला टिकवलं. उलट १८४० मध्ये जिचं नाव टिपलं गेलं ती किल्टिनानची शीला १९९० मध्ये भिंतीतून चोरीला गेली. जिच्यामुळे या सगळ्यांना नाव मिळालं तीच आता जागेवर नाही, हे मनाला लागतं.

मराठी वाचकाला एव्हाना लज्जागौरी आठवली असेल. तेरच्या अवशेषांत, दख्खनभर सापडणारी, पाय उत्तान, डोक्याच्या जागी कमळ. पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी तिची पाळंमुळं पश्चिम आशियापर्यंत शोधली, रा. चिं. ढेऱ्यांनी तिच्यावर आयुष्यातली कित्येक वर्षं घातली. साम्य डोळ्यांत भरतं, पण दोघी समोरासमोर ठेवल्या की फरक जास्त बोलतात. लज्जागौरीला चेहरा नाही आणि अंग भरलेलं, स्तन पुष्ट. शीलाचा सगळा जोर चेहऱ्यावर, स्तन असून नसल्यासारखे, फासळ्या वर. एक उताणी, पूजेला, कुंकू-लोणी माखायला. दुसरी भिंतीत, उंचावर. एकीवरून दुसरीचा अर्थ लावणं अन्यायाचं होईल.

माझ्या मते खरा उपयोगी शेजार आहे तो आपल्या गद्धेगाळाचा, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेल्या दगडाचा. परळचा अपरादित्य शिलाहाराचा शिलालेख शके ११०८ चा, म्हणजे इ. स. ११८७ चा, किलपेकनंतर जेमतेम अर्ध्या शतकाचा. दान मोडणाऱ्याच्या आईला गाढव लागो अशी मराठीत उघड शिवी, आणि तेच चित्र दगडात. त्या दगडाजवळ उभं राहून हे अश्लील का, असं कुणी विचारत नाही, कारण काम काय ते त्यावरच लिहिलेलं आहे: जमीन राखणं. लैंगिक चित्र हे राजाच्या सहीइतकंच कायदेशीर हत्यार असू शकतं, हे गद्धेगाळ शिकवतो. शीलाच्या खाली ओळ नाही. म्हणून तिची जागा हीच तिची ओळ.

आणि ती जागा आज दुरुस्तीत बिघडते. जुन्या भिंतीच्या दर्जा सिमेंटनं भरल्या की ओल चुन्यातून बाहेर पडायची ती दगडातून पडू लागते. क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक धरतात आणि नक्षी पिठासारखी झडते. काही वर्षांनी सिमेंटची जाळी पुढे आणि दगड आत खोल गेलेला दिसतो. सैल तोडा लोखंडी कांबीनं जखडला की गंज फुगतो, कित्येक पट जागा घेतो आणि दगड आतून फाडतो. उपाय जुनाच. दर्ज तिच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर खोल, हातानं मोकळी करायची. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली टोकदार वाळू. भरण्याआधी दगड ओला, भरल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट. पारा ५ अंशांखाली जायची शक्यता असेल तर काम हातीच घ्यायचं नाही. लोखंडाऐवजी स्टेनलेस. आणि सगळ्यात आधी वरची पन्हळ साफ, कारण गळकी पन्हळ एका हिवाळ्यात जेवढी नासधूस करते तेवढी शतकभराचा पाऊस करत नाही. शेवाळ-दगडफूल खरवडायला तारेचा ब्रश घेणारा माणूस दिसला तर त्याला हात जोडून थांबवावं.

बघायला जायचं तर ८×४२ ची दुर्बीण आणि वेळेचं भान, दोन्ही हवं. खडूनं रेघा ठळक करू नयेत, पाणी ओतू नये. चांगला फोटो दोन्हींशिवाय निघतो. उठाव दिसतो तो तिरप्या उजेडात, सूर्य भिंतीला जेमतेम चाटून जातो तेव्हा. दक्षिणेकडची भिंत भर दुपारी सपाट दिसते. सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर जावं. उत्तरेकडच्या भिंतीला तर त्या अक्षांशांवर वसंतसंपात ते शरदसंपात एवढ्याच काळात ऊन लागतं, तेही पहाटे आणि तिन्हीसांजेला. श्रॉपशरमधल्या चर्च स्ट्रेटनची शीला अशीच उत्तरेच्या जुन्या दारावर आहे. वर्षातले सहा महिने ती सावलीतच असते आणि घाईत आलेल्याला नुसता दगडाचा उंचवटा दिसतो. जूनच्या मध्यावर, संध्याकाळी साडेसहानंतर, सूर्य पश्चिमेच्या पलीकडे उत्तरेला झुकतो. झाडं आड आली नाहीत, तर ऊन त्या भिंतीवर कडेनं सरकू लागतं. आधी डोक्याची गोलाई उजळते, मग हातांची रेघ, मग गुडघे, आणि त्यांच्यामधली सावली गडद होत जाते. सूर्य बुडेपर्यंत हातात अडीच-तीन तास असतात.